फेलोशिप बंद, पण विचारलं कुणाला?

मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये लोकसभेत सांगितलं. तेव्हापासून मुलं मला विचारतात, "सर, कोर्टात टिकेल का?"

'रास्त अपेक्षा' हे तत्त्व समजून घ्या. दिल्लीत गृहनिर्माण संस्थांना नोंदणीच्या क्रमाने जमीन मिळायची. सरकारने क्रमच बदलला. १९९२च्या नवज्योती निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आधी त्यांचं म्हणणं ऐकायला हवं होतं. म्हणजे अपेक्षा हा हक्क नव्हे. जनहिताचं कारण दाखवून सरकार धोरण बदलू शकतं. अर्जच न केलेल्यांची बाजू त्यामुळे लंगडीच, हे मी लपवत नाही. पण न विचारता बदल का, हा सवाल उरतोच. आणि आपण? जीआर, जाहिरात, पोचपावती जपून ठेवतो का?