झटका बसतो, मासा का निसटतो? पावसाळ्यात मरळवर गळ टाकण्याआधी हे वाचा

हतनूर, वाघूर, अनेर, अक्कलपाडा... धरणांत पाणी चढलं की काठावर गळवाले दिसू लागतात. आता मोबाइलवर व्हिडिओ पाहून रबरी बेडूक अन् चमकणारे खोटे मासे मागवणारी तरणी पोरंही आली. तक्रार सगळ्यांची एकच : झटका बसतो, मासा हाती येत नाही.

नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. मासा खातो कसा, ते पाहा. कटला वरच्या पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाच्या गाळात. यांच्यापुढून चमकतं आमिष ओढून नेलं तर ते कशाला धावतील? त्यांना कणकेचा गोळाच बरा. ओढत्या गळामागे धावतात ते मरळ अन् शिवडा, शिकार करून खाणारे. कोकणात चालत्या नावेमागं गळ ओढून सुरमई धरतात. ती मागून येऊन आमिषाची शेपटीच कापून नेते, म्हणून शेपटीकडे आणखी एक गळ बांधतात. आपला मरळ गवतात दबा धरतो. त्यानं बेडूक धरला की लगेच हिसका देऊ नका, क्षणभर तोंडात जाऊ द्या.

पण पावसाळ्यातली धडक वेगळी. लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसतो, त्याच्या खाली मरळची जोडी राखणीला असते. जवळ येईल त्याच्यावर ती तुटून पडते. भुकेनं नाही, हाकलायला. म्हणून नुसती धडक बसते, गळ रुतत नाही. अन् रुतला, तर राखणदार गेला. पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात.

राज्यानं एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलंच झालं. पण धरणात सोडतात ते बीज मुख्यतः कटला, रोहू, मृगळचं. तो जाळ्याचा मासा, ठेका घेणाऱ्या संस्थेचा. काठावरच्या भिल्ल, भोई, कोळी घरांना गळावर मिळतो तो मरळ. बाजारात जिवंत मरळला कटल्याहून जास्त भाव, पण त्याचं बीज कोणी सोडत नाही. त्याची वाढ त्या जोडीच्याच भरवशावर.

मच्छीमार संस्था अन् ग्रामपंचायतीनं एवढा ठराव तरी करावा : घोळका दिसेल तिथं गळ नाही. त्याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची सही.