रिसॅट-१: हेर नव्हे, धानाचा पहारेकरी

२६ एप्रिल २०१२. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी१९ने १,८५८ किलोचा रिसॅट-१ कक्षेत नेला. देशी बनावटीचा हा पहिला रडार-प्रतिमा उपग्रह. पण गाजला तो ‘गुप्तहेर’ म्हणून. इस्रोने शेती आणि आपत्ती-व्यवस्थापन हे उद्देश सांगितले, तर ते सरकारी सोज्वळपणाचे मानले गेले. (मुंबई हल्ल्यानंतर, २००९मध्ये सोडलेल्या रिसॅट-२चे रडार इस्रायली होते, गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच.)

ढगांआड पाहणारा उपग्रह जंगलाआडही पाहील, मग गडचिरोलीत लपायला जागा कुठली, हा तर्क भौतिकशास्त्राला मान्य नाही. रिसॅट-१च्या सी-बँड रडारची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. हे तरंग ढग सहज ओलांडतात. भामरागडच्या दाट रानात मात्र बहुतांशी वरच्या पानाफांद्यांतच विखुरतात.

त्यांना उत्तम दिसते ते धान. रोवणीसाठी पाणी साचवलेल्या बांध्या रडार-प्रतिमेत काळ्या उमटतात, रोप वाढेल तशा उजळतात. ब्रह्मपुरी-आरमोरीवर ढगांचे छप्पर असते आणि साधे उपग्रह-कॅमेरे आंधळे होतात, त्याच दिवसांत. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तोही याच दिवसांत.

हेरकथेच्या गदारोळात विचारायचा प्रश्न वेगळाच होता: ढगांआडून बुडालेली बांधी दिसू शकते, तर तिच्या पंचनाम्याने तलाठ्याच्या फेरीची वाट का पाहावी?