ट्रंकेतली लोकर

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या पलंगाखालची पत्र्याची ट्रंक मात्र गेल्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कुणी उघडली नव्हती. उघडली तेव्हा आत लोकरच लोकर. शेंदरी, मोरपंखी, राखाडी, गुलबक्षी. प्रत्येक गुंडा जुन्या पातळाच्या तुकड्यात नीट बांधलेला. डांबराच्या गोळ्या केव्हाच विरून गेल्या होत्या, वास तेवढा मागे उरला होता. सगळ्यात खाली होती एक खाकी लड.

त्या लडीची गोष्ट आम्हां सगळ्यांना पाठ होती. १९६२ साली चीनशी युद्ध झालं, तेव्हा देशभर बायका-मुली जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणत होत्या. सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. चार सुयांवरचा मोजा त्या तेव्हाच शिकल्या. त्यातून उरलेली लड त्यांनी साठ वर्षं जपली. ‘चांगली लोकर आहे, राहू दे. लागेल कधीतरी,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या मुलाच्या टोपड्यासाठी मी एकदा त्या ट्रंकेतली लोकर मागितली, तर त्यांनी बाजारातून ॲक्रिलिकचा नवा गुंडा आणून दिला. ट्रंकेला हात लावू दिला नाही.

ती लड मी उचलली आणि तिचे तुकडेच हातात आले. कसर लागली होती. शुद्ध लोकरीचे बहुतेक गुंडे असेच, वरून धडधाकट आणि आतून पोखरलेले. गंमत म्हणजे ॲक्रिलिकचे स्वस्तातले गुंडे जसेच्या तसे! कसरीच्या अळीला खरी लोकर लागते. लोकर म्हणजे शेवटी मेंढीचे केस. त्यातलं प्रथिन ती खाते. कृत्रिम धाग्यात तिला खाण्यासारखं काही नसतं. म्हणजे जे मोलाचं म्हणून राखलं, नेमकं तेच गेलं.

लोकरीचं काय करायचं यावर घरात दोन पक्ष पडले. ‘आईची आठवण आहे, असू दे,’ असं नणंद म्हणाली. ‘टाकून दे, जागा अडते,’ असं मुलगा म्हणाला. मी तिसरा मार्ग धरला. मोजे विणायचे ठरवले.

मोजेच का? एक तर स्वेटरला एकाच रंगाची पाच-सहाशे ग्रॅम लोकर लागते. मोठ्या माणसाच्या मोज्यांची जोडी साधारण शंभर ग्रॅममध्ये होते आणि रंग जुळले नाहीत तरी बिघडत नाही. दुसरं कारण घरातच होतं. सासऱ्यांचे, म्हणजे नानांचे पाय थंडीत गार पडतात. बाजारच्या मोज्यांच्या इलॅस्टिकचे त्यांच्या पोटरीवर वळ उठतात. हातानं विणलेला मोजा हवा तेवढा सैल ठेवता येतो.

मला दोन सुयांवरचं सुलट-उलट येत होतं. चार सुयांचं तंत्र शेजारच्या काकूंनी शिकवलं. अठ्ठेचाळीस टाके घालायचे, तीन सुयांवर सोळा-सोळा वाटून द्यायचे आणि चौथ्या सुईनं गोल गोल विणत जायचं. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. खरी परीक्षा टाचेची. तिथे निम्मे, म्हणजे चोवीसच टाके घेऊन पुढे-मागे विणायचं, मग मधल्या टाक्यांवर वळत वळत वाटीसारखा खोलगटपणा आणायचा आणि कडेचे टाके उचलून पुन्हा गोल सुरू करायचं. सपाट विणीतून टाच उभी राहते तेव्हा, खरं सांगते, पहिली पोळी फुगल्याचा आनंद होतो.

चूकही झाली. काकूंनी बजावलं होतं, आधी लोकर वजन करून दोन सारखे गुंडे कर. मी आळस केला. दुसऱ्या मोज्याच्या बोटांपाशी राखाडी लोकर संपली आणि शेवट शेंदरीनं करावा लागला. नाना हसून म्हणाले, ‘तुझ्या सासूला हे चाललं नसतं हो!’

आता प्रामाणिकपणे हिशेब मांडते. एका जोडीला माझे वीसेक तास गेले. बाजारात त्याहून कितीतरी कमी कष्टात आणि पैशांत मोजे मिळतात. तेव्हा ही काटकसर आहे असं मी म्हणणार नाही. सासूबाईंना हसणारही नाही. त्यांच्या पिढीनं रेशनच्या रांगा पाहिल्या, टंचाई पाहिली. चिंधी न् चिंधी जपणं हे तेव्हाचं शहाणपणच होतं. पण राखून ठेवणं हा फक्त एक मोजा झाला. वापरणं हा दुसरा. दोन्ही झाले तरच जोडी होते. नुसतं राखत गेलं, की आपल्याला वाटतं आपण जपतो आहोत. प्रत्यक्षात कसर वाढत असते.

हे मी स्वतःलाही सांगते आहे. माझ्या कपाटात नव्या लोकरीचे चौदा गुंडे आहेत. लोकर घेणं हा एक छंद आणि विणणं हा वेगळाच, हे मला उशिरा कळलं. ते संपेपर्यंत नवा गुंडा आणायचा नाही, असं ठरवलं आहे. आणि लोकरीचंच कशाला? पाहुण्यांसाठी ठेवलेला कपबशांचा सेट, घडी न मोडलेली चादर, ‘कार्याला नेसू’ म्हणून आतल्या आत विरत चाललेली साडी. प्रत्येक घरात अशी एखादी ट्रंक असतेच. उघडून तर बघा. लोकर असेल तर उन्हात झटका, किडकं बाजूला काढा आणि उरलेल्याचं काहीतरी सुरू करा.

एक सावधगिरी मात्र हवी. लोकरीचा मोजा गुळगुळीत फरशीवर घसरतो. म्हणून नाना ते फक्त अंथरुणात घालतात. उठताना आधी मोजे काढायचे, हा आमच्या घरचा नियम आहे.

खाकी लडीचे जे तुकडे धड होते, ते गाठी मारून मी पुढच्या जोडीच्या वरच्या पट्टीत विणले. जेमतेम चार ओळी झाल्या. नानांनी त्यांवरून बोट फिरवलं, बोलले काही नाहीत. त्या रात्रीपासून तीच जोडी घालतात. टाच आताच पातळ दिसू लागली आहे. दिसू दे. कसरीनं खाण्यापेक्षा नानांच्या टाचेनं खाल्लेली बरी.