घोड्यांचा माळ आणि नदीचे देणे

सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यास हडपसर आज वाहनांच्या गर्दीमुळेच जाणवते. मात्र मुळा-मुठेच्या दक्षिणेस वसलेल्या या गावाची मूळ ओळख भाजीचे मळे, ऊस, दुभती जनावरे आणि घोडे अशी होती. नदीचा शेजार, मुठेच्या कालव्याचे पाणी आणि मोकळे माळ यांवर हे गाव पोसले गेले. घोड्यांचा तर लसनिर्मितीशीही जवळचा संबंध आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पूनावाला कुटुंबाने 1946 साली शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी स्टड फार्म काढले. शर्यतीस निरुपयोगी झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. घोड्याला निरुपद्रवी केलेल्या विषाची मात्रा थोडी थोडी टोचली, की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. ते वेगळे करून धनुर्वातासारख्या रोगावर वापरतात. हे काम येथेच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 साली हडपसर येथे सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. पुढे 2021 साली करोनावरील लसीसाठी अनेक देशांनी या गावाकडे डोळे लावले. जगाच्या औषधपेटीतील हा वाटा मुळात तबेल्यातून निघाला आहे.

शेतजमिनीचीही कथा अशीच बोलकी आहे. मगरपट्ट्यातील सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली जवळजवळ 400 एकर जमीन बिल्डरास विकून मोकळे होण्याऐवजी एकत्र केली व त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत स्वतः भागधारक झाले. शहर आले तरी शेतकरी देशोधडीला लागलाच पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

जमिनीला असे वाली भेटले. नदीला मात्र कोणी भेटला नाही. ज्या पाण्यावर जनावरे आणि मळे जगले, त्यात पुणे आपले सांडपाणी सोडते. ही नदी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात जाते. पुण्याच्या बेफिकिरीची किंमत अशा रीतीने सोलापूरकडील माणूस चुकवितो.

साडेसतरा नळी 2017 साली आणि मांजरी बुद्रुक 2021 साली महापालिकेत आले. हद्द वाढली, तशी जबाबदारीही वाढली पाहिजे. शुद्ध केल्याखेरीज सांडपाणी नदीत सोडू नये आणि नदीकाठची उरलेली हिरवी जमीन केवळ 'रिकामी' म्हणून आराखड्यात रंगवू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. घोड्यांच्या पागेतून जगाला औषध देणाऱ्या गावाची नदी आजारी असावी, हे कोणत्याही सुशिक्षित शहरास शोभणारे नाही.