उशिरा चालेल, पण किती उशिरा?

गेल्या पावसाळ्यात बालरुग्ण विभागाच्या ओपीडीत एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. मूल वीस महिन्यांचे. तक्रार एकच, अजून पाऊल टाकत नाही. बोलता बोलता आजींनी सांगितले, "तसा हुशार आहे हो, फक्त डावरा आहे." मी टेबलावरचा चमचा त्याच्या उजव्या बाजूला धरला. त्याने अंग वळवून डाव्या हातानेच तो घेतला. उजव्या हाताची मूठ मिटलेलीच होती. जन्मल्यावर बाळ उशिरा रडले होते, चार दिवस काचेच्या पेटीत होते, ही माहिती विचारल्यावर मिळाली. एवढे दिवस का थांबलात, या प्रश्नाला आजींचे उत्तर होते, "त्याचा बापही उशिराच चालला होता."

एका वर्षाच्या आतले मूल सहसा डावरे किंवा उजवे नसते, ते दोन्ही हात वापरते. इतक्या लवकर एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हाताला काही अडचण आहे का, हे तपासावे लागते. या मुलाच्या मेंदूच्या एका भागाला जन्माच्या सुमारास इजा झाली होती. हे आठव्या-नवव्या महिन्यात लक्षात येऊ शकले असते. नवव्या महिन्याच्या लसीसाठी त्याला एका सरकारी आरोग्य केंद्रात नेलेही होते. लस टोचली, वजन झाले, कार्डावर नोंद झाली. मूल बसते का, दोन्ही हातांनी वस्तू धरते का, हे कोणी विचारले नाही. मीही सरकारी नोकरीतलाच, त्यामुळे हा दोष मी फक्त घरच्यांच्या माथी मारू शकत नाही.

आजींचे म्हणणे पूर्ण चूक नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. प्रत्येक मूल आपल्या वेळेने चालते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 साली याचे आकडे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणे साधारण चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान येते. आधाराशिवाय चालणे काहींना आठव्या महिन्यातच जमते, तर काहींना साडेसतरा महिने लागतात. शंभरातली चारेक मुले तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरी चालू लागली. म्हणून शेजारची मुलगी दहाव्या महिन्यात चालली आणि आपला मुलगा तेराव्यात फक्त धरून उभा राहतो, यात काळजीचे काही नाही. पण या मोकळीकीला शेवटची मर्यादा आहे. ती ओलांडली की "होईल हळूहळू" हे वाक्य मुलाच्या विरोधात जाते.

त्या मर्यादेच्या आत आईवडिलांनी करायचे काय? सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बाळाला खाली उतरवणे. आजकालचे बाळ कडेवरून झोळीत, झोळीतून खुर्चीत आणि खुर्चीतून पुन्हा कडेवर जाते. मान, पाठ, खांदे आणि कंबर यांत बळ येते ते जमिनीवरच्या धडपडीतून. झोपताना बाळाला उताणेच झोपवायचे, पण जागे असताना आणि कोणी समोर बसलेले असताना पालथे घालायचे. रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान अर्धा तास असे पालथे ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवातीला दोन-दोन मिनिटे पुरेत. घर दहा बाय बाराच्या खोलीचे असले तरी एक धुतलेली गोधडी अंथरण्याइतकी जागा निघते. खेळणे थोडे लांब ठेवा, मूल तिथवर सरकेल. तेलमालिश आनंदाने करा, मात्र पाय ओढून-ताणून मूल लवकर चालत नाही.

दुसरी गोष्ट वॉकरची. बारशाच्या आहेरात हमखास येणारी ही चाकांची खुर्ची मुलाला चालायला शिकवत नाही. त्यात मूल बसलेले असते आणि चवड्यांनी जमीन ढकलते. तोल सांभाळणे, पडता पडता सावरणे, खाली बसून पुन्हा उठणे, यातले काहीच त्याला करावे लागत नाही. शिवाय क्षणात ते जिन्यापर्यंत किंवा गरम चहाच्या कपापर्यंत पोहोचते. कॅनडाने 2004 साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती अशा अपघातांमुळेच. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो धरून मुलाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते आणि तोल त्यालाच सांभाळावा लागतो. मूल स्वतः उभे राहू लागल्यावर, मोठ्यांच्या नजरेसमोर आणि सपाट जागेवर तो जरूर द्या.

हातांकडे तर आपले लक्षच नसते. नवव्या महिन्याच्या पुढे मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू पकडू लागते. ताटातले मऊ भाताचे शीत त्याला स्वतः उचलू द्या, कपडे माखले तरी चालेल. शेंगदाणे, फुटाणे मात्र देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा द्या, कागद फाडू द्या, शर्टाची बटणे स्वतः लावू द्या. ही बोटे बळकट होण्याआधी त्याच्या हातात पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणे हा उलटा प्रवास आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही या वयात खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे. तरीही बालवाडीच्या दारात "अजून लिहीत कसा नाही?" असे विचारणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. तेच पालक मुलाने शांत बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल देतात.

आता त्या मर्यादेविषयी. चार महिने पूर्ण होऊनही मान धरत नाही, नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिने पूर्ण होऊनही चालत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरते, अंग फार कडक किंवा फार ढिले वाटते, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर कोणत्याही वयात लगेच आणा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते लवकर आले तितके वजा करा. प्रत्येक वेळी कारण मेंदूतच असते असे नाही. थायरॉइडची कमतरता, मुडदूस, रक्तक्षय, खुब्याचा सांधा निखळलेला असणे, स्नायूंचे आजार, अशी कितीतरी कारणे असतात आणि त्यांतली काही औषधाने पूर्ण बरी होतात.

यासाठी यंत्रणा नाही, असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्याच पालघरमधून झाली. अंगणवाडीत तपासणीची पथके येतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय या कार्यक्रमात आहे. प्रश्न मूल तिथवर पोहोचण्याचा आहे. लसीकरणासाठी प्रत्येक बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, नवव्या महिन्यात आणि नंतर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आपल्यासमोर येते. प्रत्येक वेळी लस टोचण्याआधी मूल सतरंजीवर ठेवून एक मिनिट पाहिले, तर वेगळे यंत्र लागत नाही की वेगळा निधी. आरोग्य खात्याने हे एक मिनिट सक्तीचे करावे. आणि खाते करेपर्यंत आईने स्वतःच विचारावे, "माझं बाळ वयाप्रमाणे हालचाल करतंय ना, जरा बघता का?"

तो मुलगा आता व्यायामासाठी नियमित येतो. उजव्या हाताची मूठ थोडी उघडू लागली आहे आणि आधाराने तो चार पावले टाकतो. त्याची इजा पुसली जाणार नाही, हे मी आजींना सांगितले आहे. सांधे आखडण्याआधी, मेंदू झपाट्याने वाढत असताना व्यायाम सुरू झाला असता, तर आज त्याचा हात अधिक कामाचा असता, असे मला वाटते. परवा जाताना आजींनी विचारले, "नवव्या महिन्यातच आणलं असतं तर?" मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही.