टॅग बदलला तरी हिशेब सलग हवा
फेब्रुवारी २०२१पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे. मार्च २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे पेटीएम पेमेंट्स बँकेच्या टॅगमध्ये नव्याने पैसे भरणे थांबले आणि वाहनधारकांना दुसऱ्या बँकेकडे जावे लागले. बँक बदलली की खाते बदलते. आधीच्या टोलचा हिशेब जुन्या बँकेकडेच राहतो. मालवाहतूकदाराला तो भाड्याच्या बिलासाठी, प्राप्तिकरात खर्च दाखवण्यासाठी आणि दुबार कपातीच्या तक्रारीसाठी लागतो. एका बँकेने ग्राहकाची माहिती दुसरीला का द्यावी, हा आक्षेप रास्त आहे. पण ही माहिती बँकेला नव्हे, मालकाला हवी आहे. टॅग वाहन क्रमांकाशी जोडलेलाच असतो. त्याच क्रमांकावर, मालकाच्या मालकीकाळापुरती सलग नोंद देणे महामार्ग प्राधिकरणाने बंधनकारक करावे.