कोंबड्यांच्या दाण्यात तेल कोणते?

मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्या ज्या कुटुंबांत दाणा घरीच मिसळला जातो, तेथे तेल घेताना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : भाव काय? आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. या व्यवसायात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावरच होतो. सबब तेल किती स्वस्त यापेक्षा त्यातले किती पिलाच्या अंगी लागते, हे पाहणे हिताचे.

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात, पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४. म्हणून शेकडा २ ते ५ भाग तेलाने दाणा कसदार होतो आणि त्याची धूळही उडत नाही. तथापि सर्व तेले सारखी नव्हेत. सोयाबीन तेलात असंपृक्त लिनोलेइक आम्ल शेकडा ५० च्या आसपास, तर पामतेलात संपृक्त पामिटिक आम्ल शेकडा ४४ च्या आसपास असते. पहिल्या दोन आठवड्यांत पिलाचे पित्त व पाचकरस अल्प असतात. त्यामुळे संपृक्त तेल नीट न पचता विष्ठेवाटे वाया जाते. या वयात सोयाबीन तेलच द्यावे.

तिसऱ्या आठवड्यापासून पामतेल मिसळण्यास हरकत नाही. असंपृक्त तेलाच्या सोबतीने तेही अधिक पचते. शिवाय कोंबडी जे तेल खाते, त्याचा गुण तिच्या चरबीत उतरतो. अखेरपर्यंत निव्वळ सोयाबीन तेल दिल्यास चरबी मऊ होते व मांस लवकर खवट होते.

भाताच्या कोंड्याचे कच्चे तेल स्वस्त असते. पण कोंडा शिळा असल्यास त्यात मुक्त आम्ले वाढतात व तेलाचा कस उतरतो. खवट तेल तर मुळीच वापरू नये. त्याने दाण्यातील ‘ई’ जीवनसत्त्व नष्ट होते आणि त्याच्या अभावी पिले तोल जाऊन पडू लागतात.

आम्हां मालव्यातील मंडळींना सोयाबीन घरचेच. पामतेल बव्हंशी इंडोनेशिया-मलेशियाहून येते आणि त्याचा भाव परदेशी बाजारावर हेलकावे खातो. म्हणून वाचकांनी दर खेपेस खाद्याचा एकूण खर्च विकलेल्या कोंबड्यांच्या वजनाने भागून पाहावा. कोणते तेल खरोखर स्वस्त पडले, हे त्या आकड्यावरूनच कळेल.